यादीत नसलेलं नाव

रिठद, ता. रिसोड
२१ एप्रिल २०२५

ठाकूर किसनसिंग धनजवाले यायले पुंजाजीचा रामराम.

लेका, होळीपासून तुहा फोन नाही. काल गोमतीवहिनीले लावला तं त्या म्हणे, तुमचे दोस्त मैदानावर हायेत. एकाहत्तर वर्षाचा माणूस अन् मैदानावर! घुडगे गेले पण कबड्डीची खाज नाही गेली तुही.

आता खाली बस अन् वाच. लीगच्या लिलावातल्या नव्या पोट्ट्यायची यादी आली. नरेंद्रनं मोबाइलवर दाखवली. दोनशे अकरा नावं. एकशे चवदाव्या नंबरवर लिहेल हाय, उत्कर्ष नरेंद्र, चढाई, रिठद, जिल्हा वाशीम. माह्या नातवाचं नाव, किसनसिंग! मी नरेंद्रले तीनदा वाचायले लावलं. चवथ्यांदा तो चिडला, म्हणे आबा, आता तुमीच वाचा.

लिलाव एक जूनले हाय. म्हणजे आपला खेळ सुरू. नियम तुले माहीत हाय, तरी लिहितो, कारण तू बेइमान हायेस. दोघांनी दहा-दहा नावं लिहायची, नव्यायपैकी कोणाले टीमवाले घेतीन ते. यादी टपालानंच. त्या वर्षी फोनवर तू रातोरात नाव बदललं अन् म्हणे मी हेच सांगतलं होतं. पोस्टाचा ठप्पा बदलत नाही. यादीत घरचा-दारचा पाहायचा नाही, मनात हाय तेच लिहायचं. ज्याचे जास्त चुकतीन त्यानं दुसऱ्याच्या गावात जाऊन त्याच्या मैदानावर नारळ फोडायचा.

तं माहा पहिला उत्कर्ष. घरचा म्हणून नाही, बाप्पा, त्याचा हात पाह्य. दुसरा रोहतकचा तो सहा फुटी पोट्टा. तिसरा रायगडचा दिनेश, डावा कोपरा, मांडी धरली की सोडत नाही. बाकीचे सात मांगच्या पानावर लिहिले. नांदेडचा आदर्श मी मुद्दाम नाही घेतला. बोनसच्या रेषेवर पाय टाकते अन् पळून येते. असा चोरटा गडी कोण घेईन?

आपण दोघं पंचवीस वर्षं माती खाल्ली, पण जिल्ह्याच्या बाहेर आपलं नाव कोणी घेतलं नाही. मले जास्त नाही पाहिजे. त्या हॉलमधी माइकवर त्याचं नाव पुकारलं जावं अन् कोण्या मालकानं पाटी वर करावी, बस. दोन वर्षांपासून पोट्टा कारंज्याले कॉलेजात अन् तुह्या धनजच्या मैदानावर हाय. यश आलं तं अर्धं तुहं. ठप्पा सांभाळून पाठव.

तुहा
पुंजाजी

*

धनज, ता. कारंजा
२८ एप्रिल २०२५

पुंजाभाऊ, रामराम.

तुहं पत्र गोमतीनं मले वाचून दाखवलं. चष्म्याची काडी तुटली हाय. खाजेचा उल्लेख आला तशी ती इतकी हासली की पुढचं मलेच वाचा लागलं.

यादी सोबत हाय. दिनेश माह्याकडेही हाय, पण पहिला. चांगला कोपरा ह्या वर्षी दुसरा नाही. तुहा रोहतकवाला मी सोडला. उंच हाय, पण कमरेतून वाकत नाही. पहिल्याच सामन्यात कोणी घोट्याले धरन अन् तो झाडावानी पडन. अन् आदर्शले चोर म्हणतोस? तीन मिनिटं राह्यले, आपण दोन गुणांनी मांगं, तवा मले असाच चोर पाहिजे. तो माहा तिसरा.

उत्कर्ष माह्या यादीत नाही.

भाऊ, पत्र फेकू नको, पुढचं वाच. पोट्ट्याचा खेळ चांगला हाय. हात तुह्यावरच गेला त्याचा, मनगटापासून सापावानी फिरते. पण ह्या वर्षी नाही. त्याचा डावा घोटा दुखावला हाय. मार्चपासून मी त्याले मैदानात उतरू देत नाही, बाहेर बसवून ठेवतो. तो घरी आला तं तूही खेळवू नको. उन्हात टमाट्याचे कॅरेटही उचलायले लावू नको. मोटारीवर बसव, पाणी सोडायले ठेव, पण पळायचं नाही म्हणजे नाही.

आपण नऊ वर्षं ह्या याद्या लिहून राह्यलो. मी यादीत कधी खोटं लिहिलं नाही हे तुले माहीत हाय. एवढंच ध्यानात ठेव.

किसनसिंग

*

रिठद
५ मे २०२५

किसनसिंग,

तुही यादी भेटली. दोनदा वाचली. मांगचं पान पाह्यलं, म्हटलं घाईत मांगं लिहिलं असन. नाही.

मी उत्कर्षले त्याच दिवशी फोन करून घरी बोलावलं. आल्याबरोबर खाटेवर बसवलं अन् त्याचा डावा घोटा हातात घेतला. दाबला, पिळला, बोटं मोडली. पोट्टा हासून राह्यला. अंगणात उड्या मारायले लावल्या, पन्नास. त्या घोट्याले ना सूज, ना कळ. म्हटलं काहून रे, ठाकूरबाबा काय म्हणते? तो म्हणे, होता आबा थोडा दुखत, आता बरा हाय. मान खाली घालून बोलला. तुहं खोटं लपवायची त्याले लाज वाटून राह्यली होती, हे मले दिसलं.

हातच्या काकणाले आरसा कायले? घोटा माह्या हातात होता. मंग तू खोटं काहून लिहिलं? मी रातभर इचार केला अन् मले कळलं. तुह्या भाऊसिंगचं नाव यादीत नाही आलं. दोघं एकाच मैदानावर, एकाच हाताखाली. तुहा नातू राह्यला अन् माहा गेला. ज्याचं जळते त्यालेच कळते, ठाकूर. पण तू असा निघशीन असं वाटलं नव्हतं. तोंडावर म्हटलं असतं, पुंजा मले वाईट वाटून राह्यलं, तं मी तुह्या गळ्यात पडलो असतो.

दीड महिना माह्या पोट्ट्याले तू बाहेर बसवला. लिलावाच्या तोंडावर! टीमवाले आता गावोगावच्या सामन्यायचे व्हिडिओ पाहून राह्यले. ज्याचा व्हिडिओ नाही त्याले कोण इचारन?

आता तो धनजले येणार नाही. तो इथंच राहीन अन् तुले मैदानातच उत्तर देईन. मले फोन करू नको. केला तं मी उचलणार नाही.

पुंजाजी

*

धनज
१० मे २०२५

पुंजाभाऊ,

बारा वेळा फोन लावला. तू बोलल्यासारखाच पक्का निघालास.

मले जे म्हणायचं ते म्हण. जळका म्हण, बेइमान म्हण. भाऊसिंगचं नाव नाही आलं तवा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही, हे खरं हाय. पण माह्या नातवाचं दुःख मी तुह्या नातवावर काढीन? पन्नास वर्षांत तू मले एवढाच ओळखला?

मी हात जोडतो. एक जूनपर्यंत त्याले खेळवू नको. कारण पुसू नको, मी जबान देऊन बसलो हाओ. दोन जूनले मी सोता रिठदले येतो अन् तुह्या पायाशी बसून सगळं सांगतो. मंग मले जोड्यानं मार.

उत्कर्षले फोन केला होता. तो म्हणे, ठाकूरबाबा, चिंता नका करू, मी फक्त बसून पाहतो. त्याच्या बोलण्यावर भरोसा ठेवून राह्यलो. तूही माह्यावर ठेव.

किसनसिंग

*

धनज
१७ मे २०२५, शनिवार

पुंजाभाऊ,

तुहं उत्तर नाही. मी आठ दिवस वाट पाह्यली. आता जबान मोडतो. पोट्टा मले माफ करो.

त्याच्या घोट्याले काही झालं नाही. घोटा मी मनानं लिहिला. नऊ मार्चले सरावात तो चढाई करून आला अन् मैदानाच्या काठावर डोळे फिरवून बसला. ओठ निळे. भाऊसिंगनं पाणी मारलं तसा उठला, म्हणे उन्हानं झालं. मी नाही ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याले अमरावतीले मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यायनं पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. म्हणे, भिंत जाड झाली हाय, जन्मापासूनचं असते हे, रोजच्या कामाले काही होत नाही, पण जोर पडला तं कवाही बंद पडू शकते. कबड्डी आजपासून बंद. असं तोंडावर सांगतलं, भाऊ.

एसटीत परत येताना पोट्ट्यानं मूर्तिजापूर गेल्यावर माह्या हातावर हात ठेवला. म्हणे, "ठाकूरबाबा, माहं नाव लिलावाले गेलं हाय. मले माहीत हाय, कोणी घेतलं तरी त्यायचे डॉक्टर मले वापस पाठवतीन. पण एकदा नाव पुकारू द्या. आबाच्या कानावर एकदा पडू द्या. मंग मीच सांगतो त्याले. तवरक तुमी बोलू नका." मी म्हटलं, एक अट. तवरक मैदानात पाय टाकायचा नाही. त्यानं माही शपथ घेतली.

म्हणून मी चूप होतो. पण यादीत मले खोटं लिहिता आलं नाही. उत्कर्षचं नाव मी पेनानं लिहिलंही होतं, मंग तो कागद फाडला. मले वाटलं, पुंजा मले ओळखते. किसनसिंगनं सोताच्या हातानं घडवलेला पोट्टा यादीत नाही घेतला म्हणजे काहीतरी मोठं हाय, हे तो समजन. अन् तुले शंका येऊ नये म्हणून वरतून घोट्याचं लिहिलं. तिथंच माही अक्कल गेली. खोटं लिहायचं होतं तं पूर्ण लिहायचं, नाहीतं पूर्ण खरं.

आता वाचलं तसं त्याले जवळ बसव. रागावू नको. त्याले सांग, नाव पुकारलं नाही तरी चालन.

मी आजच आलो असतो, पण गोमतीच्या डोळ्याचं आप्रेशन परवा झालं, पट्टी मंगळवारी निघन. मंग मी येतोच. हे पत्र आता पाचच्या आत टपालात टाकतो.

तुहा
किसनसिंग

*

रिठद
२९ मे २०२५

किसनसिंग,

तुहं सतरा तारखेचं पत्र मले वीस तारखेले भेटलं. आमी राख सावडून घरी आलो तवा पोस्टमन ओट्यावर उभा होता. त्याले काही माहीत नव्हतं. म्हणे पुंजाजीबुवा, तुमच्या दोस्ताचं पत्र, आली वाटते यादी.

त्या दिवशी तू स्मशानात बाभळीखाली उभा होता, मी पाह्यलं. भाऊसिंगच्या गाडीवर बसून आला असशीन, वहिनीले तशीच टाकून. मी पाह्यलं अन् तोंड फिरवलं. तवा मले वाटत होतं की तू दीड महिना त्याचा सराव तोडला म्हणून त्याले ते झेपलं नाही. मी नरेंद्रले तसं बोललोही. चार लोकांत बोललो.

आता ऐक. मले कोणालेतरी सांगा लागते अन् घरात कोणाले सांगू?

रविवारी रिसोडले सामने होते. सकाळी आठचा आपला सामना. मीच नाव दिलं होतं, मीच मोबाइलवाला पोट्टा ठरवला होता व्हिडिओ काढायले. उत्कर्ष आदल्या दिवशी म्हणे, आबा, नाही खेळलो तं चालन का? मी म्हटलं, काहून, ठाकूर जिंकला पाहिजे का? सकाळी त्यानं बुटाच्या नाड्या बांधल्या अन् माह्या पाया पडला. रोजच पडते म्हणून मी पाह्यलंही नाही त्याच्याकडे.

तिसऱ्या चढाईत दोन गडी मारले. किसनसिंग, काय चढाई होती! उजवीकडे झुकला अन् डावीकडून हात काढला. रेषा ओलांडून आला, माह्याकडे पाहून हासला. मंग खाली बसला. मंग आडवा झाला.

अन् मी बाहेरून ओरडलो, "ऊठ बे, झाली तेवढी नाटकं!" आपण पाच गुणांनी पुढं होतो. मीच लहानपणी त्याले शिकवलं होतं, पुढं असलं की नाडी सुटली म्हण, पायात गोळा आला म्हण, वेळ काढ. सगळ्यांले वाटलं वेळ काढून राह्यला. मलेही तेच वाटलं. लोकं हासून राह्यले होते. मीही हासत होतो. समोरच्या टीमचाच एक गडी वाकला, त्यानं त्याचं तोंड पाह्यलं अन् पंचाले हाक मारली. तवरक किती वेळ गेला मले माहीत नाही. दवाखाना मैदानापासून हाकेच्या अंतरावर होता.

राधिकानं, माह्या सुनेनं, पोटचा पोट्टा गमावला अन् अजूनही रोज सकाळी माह्यासमोर चहा आणून ठेवते. ती शिव्या देईन तं बरं होईन. तुहं पत्र मी तिले दाखवलं नाही. नरेंद्रलेही नाही. माह्या टोपीत ठेवलं हाय. ते दाखवलं तं त्यायले कळन की तो वाचला असता.

तू खोटं लिहिलं म्हणून मी खेळवलं. मी फोन उचलला असता तं तू खरं बोलला असता. कोणाचं जास्त चुकलं? मी रोज हाच हिशोब करतो. तो जुळत नाही.

पुंजाजी

*

धनज
३१ मे २०२५

पुंजाभाऊ,

माहं जास्त चुकलं. तू कितीही मांडलं तरी माहंच. तुले माहीत नव्हतं, मले होतं. एवढ्या गोष्टीसाठी मी पायी आलो पाहिजे होतो, अन् मी लिफाफ्याले डिंक लावत बसलो. पन्नास वर्षांची सवय, मोठी गोष्ट टपालानं. आग लागो त्या सवयीले.

पोट्ट्याची जबान सांभाळली अन् पोट्टा नाही सांभाळला.

मले यावंसं वाटते. पण तू तोंड फिरवलं तसं पुन्हा फिरवशीन म्हणून पाय उचलत नाही. तू ये म्हण.

किसनसिंग

*

रिठद
३ जून २०२५

किसनसिंग,

परवा लिलाव झाला. आमच्या घरी टीव्ही बंद होता. गावातल्या कोणीच लावला नाही म्हणे.

तेरवीच्या धावपळीत त्याचं नाव काढा म्हणून लीगवाल्यायले कळवायचं कोणाले सुचलं नाही. कोण कळवन? फॉर्म त्यानं भरला होता, फोन नंबर त्याचाच दिला होता. तो फोन नरेंद्रनं बंद नाही केला, चार्जिंगले लावून ठेवते. कायले ठेवते मी पुसत नाही.

काल दुपारी तो फोन वाजला. नरेंद्र वाशीमले गेल्ता, राधिका वावरात होती. मी उचलला. एक शहरातला पोट्टा बोलत होता, खुशीत. म्हणे, "उत्कर्ष का?" मी म्हटलं, आजोबा. म्हणे, "अभिनंदन आजोबा! आमच्या टीमनं घेतलं तुमच्या नातवाला. रिसोडच्या सामन्याचा व्हिडिओ पाहिला आमच्या कोचनी, ती शेवटची चढाई. लगेच म्हणाले, हा पाहिजे."

व्हिडिओ त्या मोबाइलवाल्या पोट्ट्यानं त्याच सकाळी टाकला होता. चढाई झाली तिथंच तुटते तो.

मंग तो पोट्टा म्हणे, "कुठे आहे उत्कर्ष?" मी म्हटलं, बाहेर गेला. माह्या तोंडातून निघालं. म्हणे, "बरं, मग तुम्हीच सांगा, किट मागवायचंय. बुटाचा नंबर काय?" मी म्हटलं, नऊ. म्हणे, "टी-शर्टवर नुसतं उत्कर्ष लिहिलं तर चालेल?" मी म्हटलं, चालन. म्हणे, "जेवणात काही पथ्य?" मी म्हटलं, वांग्याची भाजी खात नाही, घरी पिकते तरी खात नाही. तो हासला. मीही थोडा हासलो. म्हणे, "सोळा तारखेला पाठवा, आम्ही स्टेशनवर घ्यायला येतो."

पंधरा दिवसांपासून इथं जो येते तो उत्कर्ष होता, उत्कर्ष असा होता, असंच बोलते. ह्या पोट्ट्यानं तो हाय असं धरून बोललं. मले दोन मिनिटं ते मोडवलं नाही. ठेवला तवा ध्यानात आलं मी काय केलं.

आता ते बूट मागवतीन. नाव छापतीन. त्यायले सांगा लागते. मी काल संध्याकाळी नंबर लावला, वाजायच्या आधीच बंद केला. आज सकाळी पुन्हा. माह्याच्यानं होत नाही, किसनसिंग. नरेंद्रले सांगितलं तं तो कोसळन, अन् राधिकाले तं त्याचं नाव पुकारलं होतं हे कळूच नये.

नंबर खाली लिहितो. तू सांग. जवा बोलायचं होतं तवा तू चूप राह्यला. आता बोल. माह्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

पुंजाजी

*

धनज
६ जून २०२५

पुंजाभाऊ,

तुहं पत्र आज अकराले आलं. मी वाचून उभ्याउभ्याच फोन लावला. इचार करायले बसलो असतो तं मीही बंद केला असता.

तोच पोट्टा होता. मी नाव सांगतलं अन् सरळ म्हटलं, तुमी घेतलेला उत्कर्ष अठरा मेले वारला, तुमी पाहिलेल्या त्याच चढाईनंतर. तो म्हणे, नाही हो, परवाच आजोबांशी बोलणं झालंय माझं. मी म्हटलं, आजोबाले सांगता नाही आलं. मंग त्याचा नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणे, "मी त्यांना जेवणाचं विचारलं हो." दोन-तीनदा तेच म्हणे. मी म्हटलं, त्यायले बरं वाटलं तुमी पुसलं तं. हे मी खोटं नाही बोललो.

तो आता टीमवाल्यायले कळवन. नरेंद्रच्या घरी कोणी फोन करणार नाही, तसं मी कबूल करून घेतलं.

शेवटी त्यानं इचारलं, कागदावर लिहा लागते, कोणी कळवलं ते. "आपण त्याचे कोण?" गुरू म्हणू? कोण्या तोंडानं म्हणू? म्हटलं, उद्या सांगतो.

म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीनं मी रिठदले येतो, हे पत्र टपालात न टाकता हातातच आणतो. तू ये म्हटलं नाही तरी येतो. दार लावलं तं ओट्यावर बसीन. तू फक्त एवढं सांग पुंजा, मी त्याचा कोण होतो, मंग मी त्या पोट्ट्याले फोन करीन.

किसनसिंग